डबल बेल

दार कुठलं. हँडल कुठल्या बाजूला वळतं. बाहेर आग असेल तर कुठलं दार. शेजारी कोण. समोर कोण.

ही उजळणी मनातल्या मनात करायची असते. विमान धावपट्टीवर धावायला लागलं की केबिनमधले आम्ही सगळे गप्प बसून हेच घोकत असतो. प्रवाशांना वाटतं, काय शांत बसलेत. कोलकात्याहून पुण्याला निघताना त्या दुपारीही मी घोकत होतो. 'समोर कोण' हा प्रश्न नेहमीसारखा गाळला. समोर कुणीतरी असतंच.

"पायलट," शेजारच्या तांडेल मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या, "तोंड सरळ कर. शिळ्या बोंबलासारखं दिसतंय."

"शेवटचं उड्डाण आहे मॅडम. दिसू दे."

"शेवटचं आहे म्हणूनच. उद्यापासून तुझं तोंड कोण बघणारे? दाराआड जाशील."

आमची खुर्ची घडीची असते. उघडून बसायचं, पट्टे आवळायचे. तिची पाठ कॉकपिटच्या भिंतीला आणि तोंड प्रवाशांकडे. म्हणजे विमान पुढे जातं आणि आम्ही पाठमोरे जातो. माझ्या पाठीमागे भिंत, भिंतीपलीकडे कॅप्टन देवस्थळींची पाठ. ते आभाळाकडे बघत असतात, आम्ही माणसांकडे. मधलं दार बंद.

चाकं सुटली. माझे पाय दिवसभराच्या उभं राहण्याने सुजले होते, आणि अजून एक पूर्ण फेरी चहा वाटायचा होता.

•

काही गोष्टी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मध्येच थांबायला नको.

माझं नाव विश्वंभर बिरादार, गाव उदगीर. माझ्याकडे विमान चालवायचं लायसन्स होतं आणि मी विमानात चहा वाटत होतो. लायसन्स हातात आलं त्या वर्षी धंदाच बसला. अनुभवी वैमानिक नोकऱ्या शोधत फिरत होते, तिथे नवख्याला कोण विचारतो. मी घरी बसलो. लोक अण्णांना विचारत, "पायलट कुठंय?" आणि पायलट माळवदावर झोपलेला असे. मग केबिन क्रूची जाहिरात आली. सहा महिने करू म्हटलं. सहा महिन्यांची चार वर्षं झाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. उदगीर आगारात एसटीचे ड्रायव्हर होते, निवृत्त होईपर्यंत. मी केबिनची नोकरी घेतली असं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ड्रायव्हरच्या पोटी कंडक्टर निपजला म्हणायचा." मामा म्हणाला, "ट्रॉली तर ट्रॉली. आपल्याकडं बी ट्रॅक्टरपेक्षा ट्रॉलीचंच वजन जास्त असतंय." सगळे हसले, अण्णा सोडून. त्यांनी गावात कुणालाही खरं सांगितलं नाही.

आणि आता कंपनीनेच लायसन्सवाल्या क्रूमधून काही जण कॉकपिटसाठी निवडले होते. त्यात मी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला हजर व्हायचं, प्रशिक्षण घ्यायचं, मग उजवीकडची खुर्ची. तिकडे गेलं की केबिन सुटली, आणि नाही गेलं तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. फोनवर सांगितलं तेव्हा अण्णांनी आधी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "आता पुढं बसशील." आवाजात आनंदापेक्षा सुटका होती. ती कशाची, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला आनंद झाला होता का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी दमलो होतो.

•

"तुम्ही चालवता का हो हे?"

खिडकीशी बसलेले काका विचारत होते. पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. पांगारे, सासवडचे, दूध संघातून निवृत्त झालेले. ही सगळी माहिती त्यांनी ट्रॉली त्यांच्या रांगेशी पोचायच्या आत, मागच्या-पुढच्या सगळ्यांना दिली होती. शेजारी त्यांच्या मंडळी, शकुंतलाबाई. मांडीवर मिठाईचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला.

"नाही काका. मी वाढतो."

"मग तुमचंच काम बरं. चालवणाऱ्याला कोण ओळखतो? वाढणाऱ्याला माणूस विसरत नाही."

"अहो, पुढं जाऊ द्या त्यांना," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"जाऊ दे की. मी काय धरून ठेवलंय? धरून तू ठेवलंयस." मग माझ्याकडे वळून, "खजुराच्या गुळाचे संदेश आहेत त्यात. लेकीनं दिलेत. जावई मिलिटरीत आहे तिकडं. हिनं घरातनं निघाल्यापासून डबा खाली ठेवला नाही. माझा हात एवढा कधी धरला नाही."

"गप बसा." त्या खिडकीकडे बघायला लागल्या, म्हणजे त्यांच्याकडेच, कारण खिडकी त्यांच्या पलीकडे होती.

का कुणास ठाऊक, मी म्हणालो, "उद्यापासून चालवणार आहे, काका."

तोवर मी हे कुठल्याच प्रवाशाला सांगितलं नव्हतं. सांगावं असं त्यात काही नसतं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बैल पारखावा तसं.

"मग आज पोटभर वाढून घ्या," ते म्हणाले. "तिकडं कोण चहा मागणार तुम्हाला? माझ्यापासून सुरू करा. साखर जास्त. हिला सांगू नका."

"मी इथंच बसलेय," शकुंतलाबाई म्हणाल्या.

ट्रॉलीवरची साखर संपली होती. मी आणायला पुढे गेलो. पुड्या घेतल्या, वळलो, आणि शकुंतलाबाई अर्धवट उभ्या राहिलेल्या दिसल्या. एका हातात डबा.

"अहो, बघा ना," त्या म्हणाल्या, जोरात नाही, "हे असं काय करतायत."

•

यानंतरचं सलग आठवत नाही. तुकडे आठवतात.

काकांना काखेत धरून पुढे ओढत आणलं ते आठवतं. पायातला एक बूट वाटेत राहिला. पुढच्या भागात, जिथे आमची चहा-पाण्याची जागा असते, तिथे जमिनीवर निजवलं. तांडेल मॅडमनी पडदा ओढला. शर्टाची बटणं. छातीवर चिकटवायच्या पट्ट्या. हृदयाला झटका देणाऱ्या यंत्रातली बाई एकसुरी आवाजात सांगत होती: झटका देऊ नका, दाबणं चालू ठेवा. मी दाबत होतो. बरगडी मोडते तेव्हा आवाज येत नाही, हातांना कळतं. प्रशिक्षणातल्या रबरी बाहुलीला बरगड्या नव्हत्या.

"विमानात कुणी डॉक्टर आहेत का," अशी घोषणा झाली. एक जाडसर गृहस्थ पडद्याआडून डोकावले.

"डॉक्टर आहे मी. पण गुरांचा. बारामतीला."

"नाडी बघता येते ना?" मॅडम म्हणाल्या. "या आत."

ते गुडघ्यावर बसले. मानेला बोटं लावली. डोळ्यांच्या पापण्या वर केल्या. खूप वेळ लावला, आणि मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "गेलेत हो. पण हे म्हणायचा मला अधिकार नाही. तुम्हाला आहे?"

"कुणालाच नाही," मी दाबता दाबता म्हणालो. "विमानात कुणी मरत नाही."

आमच्याकडे तसंच आहे. खाली उतरून तिथला डॉक्टर म्हणेपर्यंत माणूस पेशंट असतो. आपण दाबत राहायचं.

मॅडमनी कॅप्टनना फोन केला. नागपूर, नागपूर, असं दोन-तीनदा त्यांच्या बोलण्यात आलं. मग फोन हाताने झाकून म्हणाल्या, "विशू, ऊठ. आता मी दाबते. तू बोल, त्यांना सगळं नीट सांग. तुला त्यांची भाषा कळते."

मी उठलो. उठताना पडद्याच्या फटीत शकुंतलाबाई दिसल्या. त्या किती वेळ तिथे होत्या, देव जाणे.

"नागपूर कशाला?" त्यांनी विचारलं.

"जवळ आहे, काकू. तिथे दवाखाना—"

"मुलगा पुण्याला विमानतळावर उभा आहे." त्या अगदी सावकाश बोलत होत्या, लहान मुलाला समजावल्यासारख्या. "हे गेलेत. मला कळतंय. इतकी वर्षं यांच्या शेजारी झोपले, मला कळणार नाही? परक्या गावात नका उतरवू. घरी न्या. एवढं त्या चालवणाऱ्यांना सांगा."

•

— सर, विश्वंभर.

— बोल.

— श्वास नाही. नाडी नाही. मशीन झटका नको म्हणतंय. आम्ही दाबतोय.

— डॉक्टर मिळाला?

— गुरांचे आहेत.

— त्यांचं काय म्हणणं?

— म्हणायचा अधिकार नाही म्हणतात.

— आणि तुझं?

— मलाही नाही, सर.

— ते माहीत आहे मला. ऐक. नागपूर जवळ आहे, पुणं लांब. माणूस जिवंत असेल तर प्रश्नच नाही, मी आत्ता वळवतो. नसेल तर वळवून काय करणार आहोत? म्हणून विचारतोय.

— सर, त्यांच्या मिसेस म्हणतात, नागपूर नको. मुलगा पुण्यात थांबलाय. घरी न्या म्हणतात.

— हे मला सांगायला नको होतंस.

— त्यांनी सांगा म्हटलं.

— उद्यापासून तू इथं बसणार आहेस ना? आत्ता इथं असतास तर काय केलं असतंस?

•

तो फोन भिंतीवर, आमच्या घडीच्या खुर्चीच्या वर असतो. दोर तोकडा. बोलायचं तर कॉकपिटच्या दाराकडे तोंड करावं लागतं. माझ्या नाकासमोर ते राखाडी दार होतं आणि मागे मॅडमच्या तोंडून आकडे चालले होते. काकू बघत असणार. पाठीला कळतं.

उत्तर मला येत होतं. परीक्षेत हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत आला होता.

"नागपूर," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

थोड्या वेळात विमान एका अंगावर कललं. ओट्यावर काकांच्या साखरेच्या पुड्या होत्या, त्या कडेपर्यंत सरकल्या. मी वळलो.

"सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"नागपूर."

त्यांनी मान हलवली. आपली गाडी आपल्या थांब्यावर न थांबता पुढे गेली की बायका हलवतात, तशी. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

•

उतरताना आम्हालाही बसावं लागतं. दाबणं थांबवावं लागतं. पहिली रांग मोकळी केली होती. काकांना तिथे बसवलं, खुर्ची मागे टेकवली, पट्टा बांधला, छातीपर्यंत पांघरूण घातलं. तोंड झाकायचं नाही. झाकलं की आपणच जाहीर केलं असं होतं. काकूंनी टोपी कुठूनशी आणली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मग त्यांच्या शेजारी बसल्या.

मी खुर्ची उघडून समोर बसलो. पट्टे आवळले. हात मांडीखाली घातले.

दार कुठलं. हँडल कुठल्या बाजूला. बाहेर आग असेल तर. शेजारी तांडेल मॅडम. समोर कोण.

समोर पांगारे काका.

डोळे अर्धे उघडे. ते माझ्याकडे बघत होते असं मी म्हणणार नाही. पण मी त्यांच्याकडे बघत होतो. ती खुर्ची अशी आहे की दुसरीकडे बघता येत नाही. काकूंनी डबा पहिल्यांदाच एका हाताने धरला होता. दुसरा हात काकांच्या हातावर. विमान खाली येत होतं, कान दडपत होते, मागच्या रांगांतून कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, कॅप्टन देवस्थळींसमोर धावपट्टी होती. सरळ, स्वच्छ, मधोमध पांढरी रेघ. त्यांना तिच्यावर फक्त उतरायचं होतं.

मला त्यांचा हेवा वाटला.

•

उजव्या दाराला रुग्णवाहिकेची उचलगाडी येऊन लागली. ते दार माझं. मी हँडलला हात घातला.

"पायलट."

मॅडमनी फक्त तेवढंच म्हटलं. मी हात थांबवला आणि खाली बघितलं. दाराची खिट्टी मी काढलीच नव्हती. हँडल ओढलं असतं तर आणीबाणीची घसरगुंडी फसकन फुगून बाहेर पडली असती, उचलगाडीवरच्या माणसांच्या अंगावर. स्ट्रेचर खाली न्यायचा रस्ताही बंद झाला असता. चार वर्षांत मी हे कधी विसरलो नव्हतो. खिट्टी वर केली. मॅडम समोरच्या दारापासून आल्या, डोळ्यांनी तपासलं, अंगठा दाखवला.

"आता उघड," त्या म्हणाल्या. नंतर त्यावर कधीच बोलल्या नाहीत.

डॉक्टर आत आला. तरुण होता. टॉर्च मारली, नळी लावली, घड्याळात बघितलं, आणि जे आम्हाला कुणाला म्हणता येत नव्हतं ते म्हणाला. काकूंनी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

स्ट्रेचर गेल्यावर कॉकपिटचं दार उघडलं. कॅप्टन देवस्थळी बाहेर आले, टोपी हातात. पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथे घडी घातलेलं पांघरूण होतं.

"कुठल्या सीटवर होते?"

"खिडकीच्या, सर. शेवटी इथे आणलं."

त्यांनी त्या रिकाम्या सीटकडे थोडा वेळ बघितलं. "कसे होते दिसायला?"

"टोपी होती," मी म्हणालो.

"बाई कुठायत?"

"खाली. गाडीजवळ."

"त्यांना सांग—" ते थांबले. मग मान हलवली. "काही नको सांगू." आमच्या ड्युटीचे तास संपत आले होते, लवकर निघालं नाही तर सगळं विमान नागपुरात अडकलं असतं. ते आत गेले. दार लागलं. वाईट माणूस नव्हते ते. मी त्यांच्याबरोबर नंतर अनेकदा उडालो, आणि प्रत्येक वेळी ते चढताना पहिल्या रांगेच्या खिडकीकडे बघत.

काकू उचलगाडीच्या खाली एकट्या उभ्या होत्या. डबा छातीशी. तिथला कंपनीचा माणूस त्यांच्याशी हिंदीत बोलत होता आणि त्या मराठीत हो म्हणत होत्या.

"तू उतर," तांडेल मॅडम म्हणाल्या.

"माझं दार?"

"सनोबर सांभाळेल." सनोबर आमच्यातलीच; त्या दिवशी ड्युटी संपवून प्रवाशाच्या सीटवर बसून घरी चालली होती. "मी वर बोलते. त्या बाईला एकटी सोडून मी दार लावणार नाही."

"मॅडम, सकाळी मला हैदराबाद—"

"पुण्याहून जायचं ते नागपूरहून जा. हैदराबाद कुठं पळून चाललंय?" त्यांनी माझी बॅग हातात दिली. "आणि तोंड धू. घामाने माखलायस."

•

सरकारी दवाखान्याच्या बाहेर लोखंडी बाक होता. आत पोलिसांचा पंचनामा चालला होता. मुलगा पुण्याहून पुढच्या विमानाने निघाला होता. संध्याकाळ अजून उरली होती, आणि आवारातल्या नळावर कुणीतरी भांडी घासत होतं.

आम्ही बसलो. माझ्या अंगावर गणवेश, छातीवर नावाची पट्टी. येणारे-जाणारे मला विमानवाला म्हणून बघत होते.

काकूंनी डबा उघडला. दोर सोडताना बराच वेळ गेला.

"घ्या."

"नको, काकू."

"दुपारपासून तुम्ही सगळ्यांना वाढलंत. स्वतः काही खाल्लेलं दिसलं नाही मला." त्यांनी एक संदेश माझ्या तळहातावर ठेवला. "मुलगा आला की हा डबा कोण उघडणार आहे? घ्या."

मी खाल्ला. गुळाला धुराचा वास होता. मी दुसराही घेतला, कारण त्यांनी दिला.

"माझ्यावर राग आला असेल तुम्हाला," मी म्हणालो. "नागपूरचं."

"तुम्ही थोडंच ठरवलं."

मी तळहात रुमालाला पुसला. मग म्हणालो, "मला विचारलं होतं. मीच नागपूर म्हटलं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. परत उघडलं. "असेल तसा नियम," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उतरताना तुम्ही समोर बसला होतात, ते बरं झालं. सगळे माना वळवून बसले होते. एकट्या माणसानं किती बघायचं हो? तुम्हीही बघत होतात म्हणून मला बघता आलं."

नळ बंद झाला. आतून कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं, मी त्यांच्याबरोबर गेलो, सही कुठे करायची ते दाखवलं. परत येऊन बसलो. त्या भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून राहिल्या.

मुलगा आला तो धावतच आला आणि आईच्या समोर येऊन थबकला. त्याने माझ्याशी हात मिळवला. मी कोण, हे त्याने विचारलं नाही. मी उठलो तेव्हा काकूंनी डोळे न उघडता माझी बाही एकदा धरली आणि सोडली.

•

फाटकाबाहेर येऊन अण्णांना फोन लावला.

"कुठं हाईस? हैदराबादला पोचलास का आजच?"

"नागपूरला आहे, अण्णा. एक माणूस गेला विमानात."

मी सगळं सांगितलं. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता, दोनदा सांगावं लागलं. अण्णा हूं हूं करत होते.

"तुला गुंडप्पा आठवतो का?" त्यांनी विचारलं. "माझा कंडक्टर. टक्कल होतं बघ."

"आठवतो."

"देगलूरहून येत होतो आम्ही. एक म्हातारा वाटेतच गेला. गुंडप्पाला अर्ध्या रस्त्यात कळालं. त्यानं मला सांगितलंच नाही. म्हाताऱ्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतला अन् बसून राहिला. थांबा आला की डबल बेल, गाडी पुढं. पुढचा थांबा, परत डबल बेल. मी आपला चालवायलोय. स्टँडात गाडी लावून खाली उतरलो तवा कळालं. म्हाताऱ्याचं घर उदगिरातच होतं. मी गुंडप्पाला म्हणलो, सांगितला का नाहीस? तर म्हणला, मालक, तुम्ही रस्ता बघत होता. बघू द्यावं म्हणलं."

"तुम्ही कधी सांगितलं नाही हे."

"त्यात काय सांगायचं. दुसऱ्या दिवशी परत ड्युटी. पण गुंडप्पाचा खांदा महिनाभर उतरला नाही बघ. असा एका अंगानं चालायचा." अण्णा खाकरले. "म्हणून म्हणायलो होतो, तू पुढं बस. पुढं बसणाऱ्याला मागचं बघावं लागत नाही. मी सुखानं चालवलो जन्मभर. कंडक्टर काही सुखी बघितलो नाही मी."

म्हणजे ही ती सुटका होती. गावात कुणाला न सांगणं, ड्रायव्हरच्या पोटी कंडक्टर, सगळं. मी इतकी वर्षं त्याला लाज समजत होतो.

"अण्णा," मी म्हणालो, "मी हैदराबादला जात नाही."

रिक्षावाला कुणाला तरी शिव्या देत होता. त्याच्या शिव्या संपेपर्यंत अण्णा थांबले.

"दमलायस. झोप. सकाळी ठरीव."

"दमलोय. पण ठरलंय."

"का? पुढं काय वाईट हाय?"

"वाईट काही नाही. मला विचारलं, तू पुढं असतास तर काय केलं असतंस. मी बरोबर उत्तर दिलं. पण ते द्यायला मला त्या दोघांकडे पाठ करावी लागली, अण्णा."

तिकडे घरात मागे रेडिओ चालू असलेला ऐकू येत होता, बाजारभाव.

"तुमच्यात घंटी कोण देतंय?" त्यांनी एकदम विचारलं.

"काय?"

"गाडी हलायच्या आधी. घंटी."

मला थोडा वेळ लागला. "आम्हीच देतो. मागे सगळे नीट बसले, दारं नीट लागली, की फोन करून सांगायचं: केबिन तयार. तोवर कॅप्टन निघत नाही."

"म्हणजे तुम्ही दिल्याबिगर हलत नाही."

"नाही."

"मोठा साहेब असला तरी?"

"तरी."

रेडिओ बंद झाला. त्यांनीच उठून केला असणार. चालल्याचा आवाज आला, परत आल्याचा आला.

"बरं," अण्णा म्हणाले. "मग नीट देत जा."

•

दोन दिवसांनी मी परत त्याच घडीच्या खुर्चीजवळ उभा होतो. कंपनीतले लोक मला वेडा म्हणून गेले होते, काही तोंडावर, काही फोनवर. तांडेल मॅडमनी माझा टाय सरळ केला आणि म्हणाल्या, "ए कंडक्टर, आज फोन तू कर."

ते कंडक्टरचं त्यांना कुणी सांगितलं, माहीत नाही. बहुतेक मीच, नागपूरहून फोनवर, अर्धवट झोपेत.

रांगांमधून शेवटपर्यंत जाऊन आलो. पट्टे बघितले, खुर्च्या सरळ केल्या, एका बाईच्या पायाशी ठेवलेली पिशवी वर ठेवली. पाय आधीच दुखत होते. खुर्ची उघडून बसलो, पाठ भिंतीला लावली.

दार कुठलं. हँडल कुठल्या बाजूला वळतं. बाहेर आग असेल तर कुठलं दार. शेजारी कोण.

समोर कोण.

समोर एक तरुण बाई होती, मांडीवर झोपलेलं मूल, मुलाच्या एकाच पायात मोजा. तिच्या शेजारी एक गृहस्थ, टाय सैल, ओठ हलवत काहीतरी म्हणत होते, स्तोत्र असेल. खिडकीशी कॉलेजातली मुलगी, नखं खात. मी तिघांकडेही पुरेसा वेळ बघितलं.

मग फोन उचलला.

"केबिन तयार," मी म्हणालो, आणि विमान हललं.